बोधनचा दादा, बिलोलीचा मी

हैदराबाद राज्याचे तुकडे करायचं ठरलं, त्या दिवसांत मी हैदराबादेत, वीज खात्याच्या आबिड्सजवळच्या कचेरीत ट्रान्सफॉर्मरची गणितं करत होतो. थोरला भाऊ, दादा, त्याच खात्यात हिशेबनीस. बरकतपुऱ्यात आम्ही एकत्र राहायचो. मुलांच्या रगाड्यात वहिनीला मान वर करायला फुरसत नसे, त्यामुळे आमच्या दमेकरी आईला उठवून बसवणं, तिची पाठ शेकणं माझ्याकडे होतं. माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाचा हात तिला चालतही नसे.

राज्याबरोबर खात्यातली माणसंही वाटली जाणार होती. कशी, तर जन्मगाव पाहून! आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणून दादा जन्मला आजोळी, बोधनला. मी जन्मलो घरी, बिलोलीला. मध्ये काय ती मांजरा नदी, उन्हाळ्यात गुडघाभर पाण्याची. पण बोधन आंध्रात गेलं आणि बिलोली मुंबई राज्यात. दादा हैदराबादेत राहणार होता आणि मी जाणार होतो. मग आईची पाठ कोण शेकणार? इथेच ठेवा, असा अर्ज मी साहेबांकडे दिला.

त्याच सुमारास साहेबांनी मला एक काम दिलं. दोन ट्रान्सफॉर्मर जोडीने चालवायचे होते, धाकटा दोन हजार केव्हीए क्षमतेचा, थोरला चार हजारांचा. धाकट्याच्या पाटीवर इम्पिडन्स, म्हणजे विजेला होणारा एकूण अडथळा, चार टक्के होता आणि थोरल्याच्या पाटीवर आठ. धाकट्याचा अडथळा निम्मा, तेव्हा तो दुप्पट भार ओढेल, असं कुणीतरी ठोकून दिलं होतं. पण पाटीवरचा आकडा ज्याच्या त्याच्या क्षमतेवर काढलेला असतो. त्यांची अशी तुलना करायची नसते.

मी धाकटा आधी घेतला. पूर्ण भारावर तांब्याच्या वेढ्यांत वाया जाणारी वीज वीस किलोवॅट, तिला दोन हजारांनी भागलं की रेझिस्टन्स, म्हणजे तारेचा स्वतःचा अडथळा, आला पर युनिट, म्हणजे क्षमतेच्या प्रमाणात, ०.०१. इम्पिडन्स चार टक्के, म्हणजे ०.०४. वर्गांची वजाबाकी करून मूळ काढलं की रिअॅक्टन्स, म्हणजे चुंबकत्वामुळे होणारा अडथळा, ०.०३८७; जवळजवळ सगळा अडथळा तोच. मग धाकट्याचा इम्पिडन्स थोरल्याच्या बेसवर, म्हणजे चार हजारांच्या मापावर आणला, तो दुप्पट होऊन ०.०८ झाला. थोरल्याचाही तेवढाच. म्हणजे भार निम्मा-निम्मा वाटला जाणार, आणि एकूण भार चार हजारांच्या वर गेला की धाकटा जळायला लागणार.

साहेब खूश झाले. "वाह मियाँ! पहले एक बेस पे लाना, फिर मुकाबला करना. येइच तो लोगां भूल जाते."

मी विचारलं, "साब, मेरी दरखास्त?"

"पैदाइश बिलोली की है ना? फिर मैं क्या करूं?" म्हणत त्यांनी माझ्या गणितावर झोकात सही केली.

तो कागद तिथेच टराटरा फाडावासा वाटला. लोखंडाच्या दोन पेट्यांसाठी एवढा विचार करणाऱ्या माणसाला, एका आईचे दोन मुलगे एका घरातले आहेत एवढं दिसत नव्हतं. कागद फायलीला लावला. तसाच घरी आलो.

आईला सांगितलं. ती भिंतीला टेकली. मग म्हणाली, "तुझ्या वक्ताला बी मी बोधनलाच जाणार होते रे. पण तवर माझी आई गेली. आई नसलेल्या घरी बाळंतपणाला कसं जावं?" तिला उबळ आली. ती ओसरल्यावर म्हणाली, "माझंच चुकलं बाळा. जायला पायजे होतं."

"काहीतरीच काय बोलतेस," म्हणून मी तिच्यावर खेकसलो आणि पाठ शेकायला बसलो.

मी गेलो. वर्ष सरायच्या आत दादाची तार आली. पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. वहिनी म्हणाली, "भावजी, शेवटपर्यंत येईल त्याला हेच सांगायच्या, पोरगं माझ्यामुळं दूर गेलं."

तसं नव्हतं, हे आईला सांगायला मी तिथे नव्हतो.