मास्तरांच्या कोऱ्या सह्या

धावपट्टीवर त्यांना सगळेच मास्तर म्हणत. तीस वर्षं त्यांनी पोरांना विमान उडवायला शिकवलं आणि ती शाळा बंद पडल्यावर डोंगरापलीकडच्या खाणीवर रोज डाक आणि औषधं नेऊ लागले. चार माणसांचं जुनं विमान, एकसष्ट वय. बायको गेलेली, मुलगी लांब सासरी. परवाना गेला तर सकाळी उठून करायचं काय, हे त्यांना सांगता आलं नसतं. उडणं सोडून त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतंच.

जिभेला मात्र हाड नव्हतं. बावीस वर्षांपूर्वी मला त्यांनीच नापास केलं, तेही तिसऱ्यांदा. "तुझे हात विमानाचे नाहीत, रबरी शिक्क्याचे आहेत," चारचौघांत म्हणाले. मग स्वतःच शब्द टाकून मला धावपट्टीच्या कचेरीत कारकून म्हणून चिकटवलं. अपमान आणि उपकार एकाच ताटात वाढले आणि मी दोन्ही गिळले. उपकार पचला.

माझं काम सूचना उतरवून घेण्याचं. शहरात कुणी बडा पाहुणा आला की आभाळातलं तीस मैलांचं वर्तुळ काही तास बंद व्हायचं आणि आमची धावपट्टी नेमकी त्याच्या आत. तेवढ्या वेळात उडायचं तर आधी नियंत्रण कक्षाकडून चार आकडी नंबर घ्यायचा आणि विमानातल्या यंत्रावर लावायचा. मग त्यांच्या पडद्यावर आपण ओळखीचे दिसतो. नंबर नसेल तर आपण शत्रू. म्हणून प्रत्येक सूचना मी फॉर्मवर लिहायची आणि वैमानिकाने ती वाचून खाली सही करायची, असा नियम. मास्तर दर सोमवारी आठवड्याभराच्या कोऱ्या फॉर्मांवर सह्या ठोकून मोकळे होत. "तू तोंडी सांगतोसच की. मी कशाला डोळे फोडून घेऊ?" म्हणत. आळस होताच, पण माझ्यावर विश्वासही होता.

त्या गुरुवारी बंदी दहापासून होती, तेवढं मी मास्तरांना आधीच सांगितलं होतं. साडेआठला फोन आला, पाहुणे लवकर येताहेत, नऊपासून बंद. मी चिठ्ठीवर लिहून घेतलं. तेवढ्यात मास्तर आत आले. मेकॅनिक मला हवामान विचारत होता. त्याला म्हणाले, "ह्याला काय विचारतोस? ह्याला शाईपलीकडचं काही कळत नाही." मेकॅनिक फिदीफिदी हसला. मी चिठ्ठी खणात टाकली.

खोटं कशाला बोलू, मी विसरलो नव्हतो. वाटलं, रेडिओवर मास्तरांची चांगली खरडपट्टी निघेल, एकदा त्यांचाही पचका होईल. नऊला दहा कमी असताना ते उडाले. मी खिडकीत उभा राहून पाहिलं.

खरडपट्टी काढायला कुणी थांबलंच नाही. नऊ वाजून गेले तरी मास्तर वर्तुळातच होते, नंबराशिवाय. लढाऊ विमान त्यांच्या शेजारी आलं आणि त्यांना मोठ्या विमानतळावर उतरवून घेतलं. तिथे बंदूकवाल्यांनी त्यांना डांबरावर पालथं पाडलं, पाठीवर गुडघा रोवला. समोरचे दोन दात गेले.

हे कळल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल? सही केलेला एक कोरा फॉर्म काढला आणि त्यावर नवी वेळ सुवाच्य अक्षरात उतरवली. चिठ्ठी फाडून टाकली.

चौकशीत अधिकाऱ्याने तो फॉर्म मास्तरांपुढे सरकवला. "सही कुणाची?"

मास्तरांनी आधी माझं अक्षर पाहिलं, मग मला. मी नखं पाहत बसलो. त्यांनी कोऱ्या सह्यांचं खरं सांगितलं असतं तर त्यांचा परवाना कदाचित वर्षभरासाठी गेला असता आणि माझी नोकरी कायमची.

"माझीच," ते म्हणाले.

"म्हणजे सूचना वाचून उडालात?"

त्यांनी फॉर्म परत त्याच्याकडे सरकवला. परवाना कायमचा रद्द झाला.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "मास्तर, घरी सोडतो."

ते पायरीवरच थांबले. दात गेल्यामुळे शब्द नीट फुटत नव्हते. "गडबडीत विसरलास ना रे? होतं असं. विसरलास ना?"

त्यांना फक्त 'हो' ऐकायचं होतं. तेवढं ऐकून ते माझ्या गाडीतही बसले असते.

"नाही, मास्तर," मी म्हटलं. "लक्षात होतं."