पाडव्याच्या मुहूर्ताचं लॉगिन

दुकानाच्या वेबसाईटसाठी शेठजींच्या मुलाला पुण्याची कंपनी हवी होती. आबा, म्हणजे माझे वडील, मध्येच बोलले, माझी मुलगी करेल. धुळ्यातल्या त्या भांड्यांच्या होलसेल दुकानात आबांचा जन्म मुनीमकीत गेला, पण शेठजींकडे त्यांनी कधी काही मागितलं नव्हतं. पुण्यातली माझी नोकरी सुटली होती, मी नदीपलीकडे देवपूरच्या घरी परतले होते आणि शेजारणी रोज विचारत होत्या, अजून सुट्टीच का गं. म्हणून आबांनी माझ्यासाठी शब्द टाकला. मला न विचारता टाकला, याचा मला रागच आला. काम मात्र मी घेतलं.

काम तसं सोपं. साक्री-शिरपूरकडच्या दुकानदारांनी फोनवरून लॉगिन करायचं आणि ऑर्डर टाकायची. वेबसाईटला आठवण अशी नसतेच. प्रत्येक नव्या पानावर तुम्ही तिला अनोळखी. म्हणून सेशन लागतं. लॉगिन झालं की सर्व्हर एका व्हेरिएबलमध्ये, म्हणजे एका कप्प्यात, तुमचं नाव ठेवतो आणि तुमच्या फोनला एक खूण देतो, दुकानात पिशवी ठेवली की टोकन मिळतं तशी. पुढच्या पानावर ती खूण दाखवली की ओळख पटते. हे मी नोकरीत डोळे मिटून केलेलं काम होतं.

दिवाळी पाडव्याला व्यापाऱ्यांचं नवं वर्ष. वेबसाईटही त्याच मुहूर्तावर उघडायची, असं शेठजींनी ठरवलं. आदल्या संध्याकाळी आबांनी स्क्रीन पाहिली आणि म्हणाले, "आधी श्री, मंग बठ्ठं." बाकी सगळ्याआधी श्री काढल्याशिवाय त्यांनी आयुष्यात वहीचं एक पान सुरू केलं नव्हतं. लॉगिननंतर उघडणाऱ्या पानाच्या फाईलमध्ये मी अगदी पहिल्या ओळीवर श्री लिहिला. लॅपटॉपवर पाहिलं, सगळं चालत होतं. सकाळी फाईल सर्व्हरवर चढवली.

पूजा झाली, पेढे वाटले. पूजेला आलेल्या पहिल्या दुकानदाराने नंबर टाकला, पासवर्ड टाकला. पासवर्ड बरोबर होता. नवं पान उघडलं आणि त्यावर आलं, कृपया आधी लॉगिन करा. दुसऱ्याचं तेच, तिसऱ्याचं तेच. मी मागच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसले होते. काचेतून मला दिसत होतं की जो तो आपला फोन आबांकडेच नेतोय. मला कोण ओळखत होतं? आबा एकेक फोन हातात घेऊन एका बोटाने नंबर टाकायचे, थांबायचे, पुन्हा टाकायचे. मग काचेकडे बघायचे.

मला काही सुचेना. लॉगिनची फाईल मी पुन्हापुन्हा वाचली. नाव सेशनमध्ये जात होतं आणि पुढच्या पानावर ते व्हेरिएबल रिकामं. सर्व्हरवाल्यांना फोन केला तर तिथला मुलगा म्हणाला, मॅडम, कॅशे क्लिअर करून बघा. त्याच्या सात पिढ्यांचा मी मनातल्या मनात उद्धार केला. शेठजींचा मुलगा दारात येऊन गोड आवाजात विचारून गेला, काही मदत लागेल का. मला रडू फुटलं. मी भिंतीकडे तोंड करून रडले आणि रडतारडताच टाइप करत राहिले. आपण इथे यायलाच नको होतं, पुण्यातच कुठेतरी उपाशी राहिलो असतो तर बरं, असं वाटत होतं.

चुकांचे संदेश गिऱ्हाइकाला दिसू नयेत म्हणून मीच ते बंद करून ठेवले होते. शेवटी ते चालू केले. सर्व्हर म्हणत होता, पहिल्याच ओळीवर काहीतरी आधीच पाठवलंय, आता सेशन सुरू होणार नाही. पानातलं एक अक्षरसुद्धा बाहेर जायच्या आत सेशन सुरू व्हावं लागतं, आणि माझ्या पानात सगळ्यात आधी श्री बाहेर जात होता. माझ्या लॅपटॉपवर पान आधी साठवून मग पाठवायची सोय चालू होती, म्हणून तिथे काही बिघडलं नव्हतं.

मी श्री सेशनच्या ओळीखाली नेला. पान दिसायला होतं तसंच राहिलं, आणि लॉगिन झालं.

मी धावत बाहेर आले. दुकानदार पांगले होते. आबा पायरीवर एकटेच बसले होते.

"झालं, आबा."

त्यांनी वर पाहिलं नाही. "मी शेठजीले सांगी दिधं, हाई काम दुसराले द्या. पोरले काही बोलू नका."

मी फोन त्यांच्या पुढे धरला. त्यांनी एका बोटाने नंबर टाकला. पान उघडलं, त्यावर त्यांचं नाव आलं. मग काय चुकलं होतं, असं त्यांनी विचारलं. उत्तर अगदी ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, माझंच चुकलं होतं काहीतरी. त्यांनी मान हलवली.

मी त्यांचा हात धरला. आत जा, शेठजींना दाखवा, चालू झालंय म्हणा, अशा विनवण्या करत राहिले.

"मी सांगी उनू," ते म्हणाले. "आते कोणता तोंडे जाऊ?"

एकदा सांगून आलेला शब्द ते फिरवणारे नव्हते. त्यांनी हात सोडवून घेतला, चपला घातल्या आणि पुलाच्या दिशेने निघाले. मी लॅपटॉप आणायला आत गेले, तेव्हा शेठजींचा मुलगा फोनवर पुण्याच्या कंपनीशी बोलत होता.