रजिस्टरातलं वय

आज एक जुलै. बँकेकडून वाढदिवसाच्या शुभेच्छा आल्या आणि सकाळपासून माझं डोकं तापलं आहे. ही तारीख माझी नाहीच. शाळेत नाव घालताना हेडमास्तरांनी ती अंदाजानं लिहिली, अर्ध्या गावाची लिहीत तशीच.

मी तिसरीत असताना बा अकोटच्या कापसाच्या जिनातली मजुरी बुडवून शाळेत आला. "गुरुजी, पोरगी चौथीचे गणितं तोंडी करते. तिले चौथीत बसवा."

"वय भरत नाही," रजिस्टरावर बोट ठेवून हेडमास्तर म्हणाले.

"थे तर तुमीच लिवलं जी. पोरगी त्या तारखेच्या आंदीच्या कापूस वेचणीत झाली."

"तुझ्यासाठी सरकारी रजिस्टर खोडू काय?"

बा हात जोडून उभाच राहिला. त्या शाळेचे माझ्यावर उपकार आहेत, मी पदवीधर झाले ती तिच्यामुळेच. पण तेव्हा मला लाज वाटली ती बाची, याचा आज सर्वांत जास्त राग येतो.

त्याच दुपारी हेडमास्तरांनी मला चौथीच्या पोरांच्या पाट्या तपासायला बसवलं. घरी येऊन मी ते फुशारकीनं सांगितलं. बाचा घास हातातच राहिला.

"पाट्या तपासाले वय भरते काय तुयं?" तो म्हणाला.