खैरूनबीची दोन घोंगडी

आमची गाडी अजून सरहद्दीवरच्या अटारी स्टेशनातच अडकलेली आहे. खैरूनबी हटणार नाही, हे सांगलीच्या शबानाताईंनी आत्ताच फोनवर पक्कं सांगितलं.

गाडी कागदावरची. आम्ही टेबलाभोवती बसून, भूमिका घेऊन, फासे टाकत खेळतो. काळ सत्तरच्या दशकातला. शबानाताईंची खैरूनबी मिरजेहून लाहोरला भावांना भेटायला निघाली आहे. खेळ मी चालवतो, म्हणून आज कस्टमचा साहेबही मीच होतो.

"दोन घोंगडी म्हणजे व्यापाराचा माल. एक इथंच ठेवा," मी म्हणालो.

"भाऊ दोन हायत, सायेब."

त्याच गाडीनं निघालेल्या हवालदाराची भूमिका करणारा दहिवडीचा सदा वैतागला. "आवं, फासा टाका की. गाडी चुकली तर खेळातनं बाद व्हाल."

"कुठल्या भावाला रिकाम्या हातानं भेटायचं, ते फासा ठरवणार व्हय रं?"

सदानं हातातला फासा टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "माझी बी वळकटी गाडीतनं खाली उतरवा."

सरहद्दीचे प्रसंग कंटाळवाणे असतात, एका फाशात उरका, असं खेळ चालवणाऱ्यांच्या या गटावर बरेच जण सांगतात. मी उरकणार नाही. रविवारी पुढचा खेळ बसेल, गाडीची शिट्टी होईल तेव्हा ते दोघं फलाटावर असतील आणि साहेबाच्या खुर्चीत मी. सदाच्या जागी तुम्ही डब्यात बसून राहिला असतात का?