शिलेदाराच्या लेकीचा पास

हे पार्थसारथी, हे जगाचा रथ हाकणाऱ्या दयाघना, तुला नमन. रणाच्या मधोमध घोड्यांचे लगाम तू हाती घेतलेस आणि रथात बसलेल्याला पात्रतेचा कागद मागितला नाहीस. थकलेल्याला बसवून घेतलेस, भ्यालेल्याला बसवून घेतलेस. तुझा तो रथ मनी धरून बडोद्याच्या एका लेकीची हकीगत सांगायची आहे. शब्द तू पुरव, आणि तिच्या दुखऱ्या पायांवर तुझा हात असू दे.

तिचे नाव संयोगिता उदयसिंहराव मोहिते. वय वीस. राहणे पाणीगेटजवळ, दोन खोल्यांत. शिकणे सुभानपुऱ्यात, रक्त तपासणाऱ्या तंत्रज्ञांचा वर्ग. घर शहराच्या पूर्वेला, वर्ग पश्चिमेला, आणि मध्ये सगळे बडोदे आडवे. घरखर्चातून एका बसचे तिकीट निघे, दोन बसचे निघत नसे. म्हणून पाणीगेट ते स्टेशन ती पायी जाई. पहाटे निघायचे, मांडवी ओलांडायची, लहेरीपुऱ्याच्या कमानीखालून जायचे, सूरसागर तलावाच्या कडेने चालत राहायचे आणि स्टेशनावरून सुभानपुऱ्याची बस धरायची. साडेसातला वर्गात सुई हाती घ्यायची. चालून आलेल्या हातांना ती सुई स्थिर धरणे म्हणजे रोजची परीक्षा.

वर्गाचा नियम कडक होता. तीनदा उशीर झाला की त्या वर्षी प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नसे. संयोगिताच्या नावापुढे उशिराची एक खूण आधीच पडली होती.

यावर तोड निघाली होती ती विद्यार्थ्यांच्या सवलतीच्या पासाची. एक पास, आणि शहरभर कितीही बस. अर्ज साधा होता, फक्त त्यात पालकाचा धंदा लिहायचा आणि पालकाने सही करायची. वडिलांनी अर्ज मन लावून भरला, वळणदार अक्षरात. गुरुवारी दुपारी संयोगिता तो घेऊन स्टेशनजवळच्या पासाच्या खिडकीपाशी उभी राहिली. आतल्या माणसाने कागद डोळ्यांजवळ नेला.

"शिलेदार? आ शिलेदार एटले शुं, बेन?"

"घोडेस्वार. संस्थानच्या फौजेत..." ती पुटपुटली.

"एम? तो घोडा पर ज जाव ने! बस शुं काम जोईए?"

घोडा असताना बस कशाला, म्हणून मागची रांग खळखळून हसली. संयोगिताही हसली, आणि हसू ओठांवर आले त्याच क्षणी तिला स्वतःची लाज वाटली. त्या माणसाच्या मनात काही वाईट नव्हते. त्याने कागद परत केला आणि समजावले, की वडील आज जे काम करतात ते लिहून आण, शेजारी त्यांची सही आण, शनिवारी एक वाजता खिडकी बंद होईल, आणि मग पुढचा हंगाम सहा महिन्यांनी.

आज जे काम करतात ते. हीच तर त्या घरातली न बोललेली गोष्ट होती.

मोहित्यांचे पूर्वज गायकवाडी फौजेत शिलेदार होते. घोडा गेला, जीन गेले, उरली एक रिकीब, स्वाराने पाय ठेवायची लोखंडी कडी. दसऱ्याला ती पाटावर मांडून तिची पूजा होई. उरली आणखी एक रीत. दोन खोल्यांच्या त्या घरात अजूनही 'आबासाहेब' आणि 'आईसाहेब' अशीच हाक होती आणि लेकीलाही 'आक्का' आणि 'तुम्ही' होते. उदयसिंहराव रोज सकाळी पांढरा शर्ट कडक इस्त्री करून, हातात कापडी पिशवी घेऊन, सायकलवरून 'कामावर' जात. कोणते काम, हे घरात कोणी विचारीत नसे. पिशवीत वासण्याच्या एका सोसायटीच्या पहारेकऱ्याचा गणवेश असे, खिशावर सोसायटीचे नाव शिवलेला. कुसुमावतीबाई तो धूत आणि आतल्या खोलीत, चादरीआड वाळत घालीत. पावसाळ्यात त्याला कुबट वास येई, तरी तो बाहेरच्या दोरीवर कधी गेला नाही.

गुरुवारी संध्याकाळी संयोगिताने अर्ज वडिलांपुढे ठेवला.

"काय चुकलं?" त्यांनी विचारले.

"धंद्याच्या रकान्यात आजचं काम लिहायला सांगितलंय, आबासाहेब."

"शिलेदार हे खोटं आहे का?"

"खोटं नाही. पण जुनं आहे."

उदयसिंहरावांनी कागदाकडे पाहिले, पण हात लावला नाही. "आक्का, आपल्या घराण्यानं कोणापुढं हात पसरला नाही. सवलत, सवलत म्हणतात आणि आधी आपली इज्जत मोजून घेतात."

"अहो, पोरीचे पाय बघा की," कुसुमावतीबाई आतून म्हणाल्या. "टाचा फुटल्यात."

उदयसिंहराव उठून सायकलच्या चाकात हवा भरू लागले. हवा पुरेशी होती, तरी भरत राहिले.

शुक्रवारी स्टेशनावरची पहिली बस आलीच नाही. दुसरी आली ती दारापर्यंत भरलेली. संयोगिता वर्गात पोचली तेव्हा सात बेचाळीस झाले होते आणि तिच्या नावापुढे दुसरी खूण पडली होती.

त्याच दिवशी एका संस्थेच्या बाई वर्गात आल्या. शहरातील बसविषयी तरुणांची मते त्यांना हवी होती. त्यांनी सगळ्यांना एकेक कागद दिला. वर प्रश्न होता, शहरातली बस मोफत असावी का, आणि का? सोमवारपर्यंत लिहून द्यायचे होते. बाई गेल्या आणि बाकांवर सभा भरली.

"फुकट नको रे बाबा," नील म्हणाला. तो शहराच्या वाडी भागातून येई, त्याचेही दोन बसचेच दुखणे. "फुकट केली की सीट फाटलेली दाखवली तरी म्हणतील, फुकटात बसतोस ने, गप बस."

सुभानपुऱ्यातच राहणारी सानवी स्कूटरची किल्ली फिरवत होती. "मला विचाराल तर पैसे घ्या, पण दर दहा मिनिटांनी बस आणा. मी स्कूटर काय हौसेनं चालवते? बसचा भरवसा नाही म्हणून. हां, मुलींना फुकट करा, ते चालेल."

"एटले आम्ही चालत यायचं? माझे पाय काय भाड्यानं आणलेत?" नील म्हणाला.

"तुझे पाय तुझ्या तोंडाइतके चालले असते, तर बस लागलीच नसती."

सगळे हसले. मग नील संयोगिताकडे वळला. अर्जाची गोष्ट त्याला ठाऊक होती. "तू कशाला रडतेस? 'सिक्योरिटी' लिही आणि बाबांची सही ठोक. कोण बघतंय?"

संयोगिताला वडिलांची सही येत होती. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर ती एकदा केलीही होती. पण वडिलांनी जो शब्द आयुष्यभर दाराबाहेर थांबवला, तो त्यांच्या पाठीमागे त्यांच्याच नावाने लिहायचा, याला तिचा हात धजेना. तिने मान हलवली. दमलेल्या माणसाला नाही म्हणायलाही बळ लागते, तेवढे तिने कसेबसे गोळा केले.

शनिवारी वर्गाला सुट्टी होती. सकाळभर ती घरात घुटमळत राहिली. अकरा वाजता तिने अर्ज पिशवीत घातला, घरात आजवर कोणी केले नव्हते ते करायला निघाली आणि वासण्याची बस धरली.

सोसायटीच्या फाटकाशी उदयसिंहराव उभे होते. निळा गणवेश, खांद्यावर पिवळी दोरी, गळ्यात शिट्टी. लेकीला पाहताच त्यांचा हात आपोआप टोपीकडे गेला. टोपी काढावी की राहू द्यावी, ते त्यांना कळेना.

"आक्का, तुम्ही? घरी कोणाला काही झालं?"

"नाही, आबासाहेब. सगळे ठीक आहेत." तिने अर्ज पुढे केला. "एक वाजता खिडकी बंद होते."

"हे तुम्हीच लिहून टाकायचं होतं. मला कळलंसुद्धा नसतं."

"म्हणूनच नाही लिहिलं."

मागे मोटारीचा भोंगा वाजला. उदयसिंहराव धावले. फाटक उघडले, ताठ उभे राहून सलाम केला, मोटार आत गेली, फाटक लावले. हे सारे लेकीने पाहिले आणि लेक पाहते आहे हे बापाने पाहिले. मग ते परत आले, रुमालाने हात पुसले, खुर्चीवर बसले आणि पाहुण्यांच्या नोंदवहीवर अर्ज ठेवला. 'शिलेदार' या शब्दावरून त्यांनी एक रेघ ओढली, इतकी बारीक की खालचा शब्द वाचता यावा. शेजारी लिहिले, 'चौकीदार'. आणि सही केली, वळणदार, 'राव'सकट.

"पास मिळाला की बसायला जागा मिळते का?" त्यांनी विचारले.

"नाही, आबासाहेब. बहुतेक उभंच राहावं लागतं."

"मग हरकत नाही. उभं राहणं आपल्या घरात सगळ्यांना जमतं."

ती हसली. तेवढ्यात रस्त्यावर स्टेशनाची बस दिसली. थांबा दूर होता, धावून गाठणे शक्य नव्हते, आणि तिच्या मागची बस कधी येईल हे देवालाच ठाऊक. संयोगिता जागीच खिळली.

उदयसिंहराव मात्र फाटकाबाहेर पडले. ज्या माणसाने हा गणवेश आपल्या गल्लीला कधी दाखवला नाही, तो भर दुपारी, भर रस्त्यात, तोच गणवेश घालून उभा राहिला. उजवा हात वर केला आणि छाती भरून शिट्टी वाजवली. करकचून ब्रेक लागले. बस थांबली.

"शुं थयुं, साहेब?" ड्रायव्हरने पोलीस समजून विचारले.

"माझी मुलगी आहे," ते म्हणाले. "तिला परीक्षा द्यायची आहे."

ड्रायव्हरने त्यांना पायापासून टोपीपर्यंत न्याहाळले, आणि मान हलवली. "आवी जा, बेन."

बारा पन्नासला अर्ज खिडकीत गेला. आतल्या माणसाला ती आठवली. रेघेखालचा शब्द वाचून, घोडा विकून टाकला की काय अशा थट्टेने तो म्हणाला, "घोडो वेची नाख्यो के?"

"घोडो तो क्यारनो गयो, भाई," संयोगिता म्हणाली. "पण शिलेदार हजी ड्यूटी पर छे."

शिलेदार अजून कामावर आहे हे ऐकून या वेळी रांग हसली तेव्हा खिडकीतला माणूस हसला नाही. त्याने शिक्का मारला आणि पावती दोन्ही हातांनी तिच्यापुढे केली.

स्टेशनाच्या बाकावर बसून तिने संस्थेचा तो कागद काढला आणि लिहिले: "बस सर्वांना मोफत असावी. मलाही, वासण्याला सायकलने जाणाऱ्या माझ्या वडिलांनाही, आणि ज्यांना परवडते त्यांनाही, म्हणजे कोणाला खिडकीवर आपले घर उलगडून दाखवावे लागणार नाही. आणि सकाळची पहिली बस यावी. नाहीतर फुकटच्या बसची वाट पाहण्यातच आमचे वय जाईल."

पास दहा दिवसांनी आला. ते दहा दिवस ती आणखी आधी उठून चालली, आणि तिसरी खूण पडू दिली नाही. पास आल्यावर सारे सोपे झाले असे नाही. बस अजून उशिरा येते, अजून भरलेली येते, कधी येतच नाही. पण मांडवी ती आता खिडकीतून पाहते, आणि वर्गात सुई धरताना हात स्थिर राहतो. उदयसिंहराव आजही पांढरा शर्ट घालूनच निघतात. एवढेच झाले, की पुढच्या रविवारी कुसुमावतीबाईंनी धुतलेला गणवेश उचलला, क्षणभर नवऱ्याकडे पाहिले, आणि तो बाहेरच्या दोरीवर उन्हात घातला. उदयसिंहराव वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही, आणि काढायलाही सांगितले नाही.

हे सारथ्या, या लेकीची बस तू वेळेवर आण. तिच्या हातची सुई कोणाला दुखवू नये, परीक्षेच्या यादीत तिचे नाव झळकावे. फाटकाशी उभ्या असलेल्या त्या शिलेदाराला सावली मिळो, त्याच्या सायकलला उतार मिळो. कुसुमावतीबाईंच्या दोरीवर ऊन पडत राहो, आणि दोन खोल्यांच्या त्या घरात जो जो दमून परत येईल, त्याला त्याला तुझ्या रथात जागा असो.