आहेर धाकटा, आवाज मोठा

मापाडी अण्णांचा आवाज मी आधी ऐकला, माणूस नंतर पाहिला. तेही माझ्याच लग्नात. कपाळावर मुंडावळ्या, मान खाली, आणि मांडवाच्या खांबापाशी कुणीतरी आहेर पुकारत होतं. माझा मामा परिस्थितीनं बेताचा. त्याच्या पिशवीत काय आहे ते मला ठाऊक होतं, आणि सासरच्या माणसांपुढं ते निघणार म्हणून माझा जीव कानकोंडा झाला होता. तेवढ्यात आवाज आला, "नवरीच्या मामांचा आहेऽऽर! सव्वा रुपाया आन् खऽऽण!" भूमच्या एसटी स्टँडवर उभ्या असलेल्या माणसांनी वळून बघावं असा तो आवाज. सगळा मांडव मामाकडं बघायला लागला, जणू त्यानं एखादं गाव इनाम दिलं होतं. मामानं फेट्याचं टोक ओढून डोळे पुसले. या गावात आपलं बरं चालेल, असं मला तेव्हाच वाटलं.

अण्णा बाजारच्या दिवशी आडतीत ज्वारीच्या राशीपाशी उकिडवे बसून माप घालायचे. पहिल्या मापाला ते कधी 'एक' म्हणायचे नाहीत, 'लाभ' म्हणायचे. मग दोन, तीन, चार, अशी सुरात मोजणी चालायची. घसा तिथंच तयार झालेला. निजाम गेला, आम्ही आधी हैदराबाद राज्यात होतो, मग मुंबई राज्यात गेलो, मग महाराष्ट्र झाला. अण्णांना यातलं एकच लागलं होतं. पायली गेली आणि किलोचा काटा आला. "राज्य तीनदा बदललं, पर प्वाट तेवढंच हाय," असं म्हणून ते काट्याकडं सवतीकडं बघावं तसं बघायचे.

गावातल्या प्रत्येक लग्नात आहेर पुकारायचा मान त्यांचा. त्याचा त्यांनी स्वतःचा एक नेम केला होता. आहेर जितका लहान, आवाज तितका मोठा. चार आण्याला घंटा वाजायची आणि शंभराच्या नोटेला अण्णा खोकल्यासारखं काहीतरी पुटपुटायचे. एका लग्नात आडतीतले एक शेठ या पुटपुटण्यावर रुसले. म्हणाले, "अण्णा, आमच्याच वक्ताला घसा बसतो व्हय?"

"शेठ, तुमचं नाव आधीच मोठं हाय. त्याला माझा आवाज कशाला जोडता?"

नंतर मी मुद्दाम विचारलं तेव्हा त्यांनी मला समजावलं, "मोठा आहेर आपला आपुन बोलतो, पोरी. धाकट्याला कुणीतरी तोंड द्यावं लागतं."

या माणसाचा एकच जिवलग दोस्त होता, आणि तो अगदी उलट स्वभावाचा. आमचे यजमान ज्या शाळेत मास्तर होते, तिथले थोरले गुरुजी. दोघंही ईट गावचे, एकाच बांधावर वाढलेले. अण्णा दिवसभर बोलायचे, गुरुजी दिवसभर ऐकायचे. गुरुजींनी लग्न केलं नव्हतं. पण शिकवलेल्या पोरापोरींचं एकही लग्न ते चुकवायचे नाहीत, आणि आहेर ठरलेला असायचा. एक रुपया आणि एक कोरी पाटी. "पुढं लागेल," एवढंच म्हणायचे. नवरी लाजून लाल व्हायची आणि अण्णा पाटी उंच धरून सगळ्या मांडवाला दाखवायचे. मग हटकून गुरुजींच्या पाठीत थाप मारून म्हणायचे, "गुरुजी, तुझ्या लग्नासाठी घसा राखून ठिवलाय बरं का!" वीस वर्षं हा एकच विनोद चालला होता आणि दोघांनाही त्याचा कंटाळा आला नव्हता.

मग गुरुजींचं डोकं दुखायला लागलं. फळ्यावरची त्यांची सरळ ओळ उताराला लागली. बार्शीच्या डॉक्टरांनी मुंबईला धाडलं आणि तिथं डोक्यात गाठ निघाली. ईटचा जमिनीचा तुकडा विकून ऑपरेशन झालं. बरोबर अण्णाच गेले होते. महिनाभर आडतीतलं माप बंद होतं. गुरुजी परत आले ते काठी टेकत, डोक्याला उपरणं गुंडाळून. उजवा हात लुळा, आणि शब्द ओठांपर्यंत यायचा आणि तिथंच बसायचा. गाठ काढली होती, पण डॉक्टरांनी बजावलं होतं की दीड महिन्याच्या आत किरणांच्या उपचाराला परत आणा, नाहीतर ती पुन्हा धरेल. आणि आता विकायला काही उरलं नव्हतं.

अण्णांनी दुसऱ्याच बाजारी पंचा पसरला आणि आडतीत फिरले. संध्याकाळी पंच्याचं गाठोडं घेऊन गुरुजींच्या खोलीवर गेले. आमचे यजमान तिथंच होते, त्यांनी येऊन सांगितलं. गुरुजींनी डाव्या हातानं गाठोडं मागं सारलं आणि बऱ्याच खटपटीनं दोन शब्द काढले. "भीक... नको." अण्णा पुष्कळ बोलले. रागावले, रडले. गुरुजींनी भिंतीकडं तोंड केलं. तेव्हा अण्णा घरोघर जाऊन ज्याचं त्याला परत देऊन आले. मला गुरुजींचा तेव्हा फार राग आला होता. मानी माणसाच्या मानापायी दुसऱ्यांनी किती झुरायचं? पुढच्या बाजारी अण्णांचं माप चुकलं. सातानंतर पुन्हा सहा म्हणाले, आणि सगळी रास पहिल्यापासून मोजावी लागली. असं कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते आमच्याकडं येऊन बसले. चहा पुढं निवत होता. त्यांची नजर खुंटीवरच्या पाटीकडं गेली. मी तिच्यावर दुधाचा रतीब लिहीत असे.

"ही कुणाची?"

"गुरुजींचा आहेर. लग्नातला."

"मग फेडला का न्हाय तुमी?"

"कुठं फेडणार अण्णा? त्यांच्या घरी लग्नकार्यच नाही."

अण्णा पाटीकडं बघतच राहिले. मग चहा न पिताच उठले आणि चप्पल घालायचीही विसरून थेट गुरुजींच्या खोलीवर गेले. मी चपला हातात घेऊन त्यांच्या मागं धावले, म्हणून पुढचं मला ऐकायला मिळालं.

"गुरुजी, नीट ऐक. वीस वर्सं तू गावाला आहेर केलास. आमी जेवलो, ढेकर दिला, आन् एकानंबी फेडला न्हाय. आमाला जन्मभर तुझ्या आहेरात ठिवतोस व्हय? हे दान न्हाय. तुझंच माघारी येतंय. आता न्हाय म्हनून तर बघ."

आमच्याकडं आहेर नाकारणं म्हणजे त्या घराला उंबऱ्यावरून परत लावणं. गुरुजींनी मान हलवून हो म्हटलं.

पुढच्या बाजारी अण्णांनी माप सोडून राशीपाशी उभं राहून पुकारलं, "आइतवारी गुरुजींचा आहेर हाय होऽऽ! शाळंच्या पटांगणात! ज्याच्या घरात पाटी आसंल त्यानं यावं!" पटांगणात चार बांबू उभे करून वर आडतीतली ताडपत्री टाकली. खाली गुरुजी पाटावर, डोक्याला उपरणं तसंच. आमचे यजमान नावं लिहायला. आणि खांबापाशी अण्णा, धुतलेलं धोतर नेसून.

मी पुष्कळ लग्नं पाहिली, पण तसं एकही नाही. माणसं पाट्या बरोबर घेऊन आली होती. काहींच्या पाट्या फुटलेल्या, काहींच्या नुसत्या लाकडी चौकटी राहिलेल्या. कुंभाराची पारू आली, विधवा बाई, तिनं पदराची गाठ सोडून आठ आणे आणि ओंजळभर शेंगा ठेवल्या. अण्णांनी असा आवाज लावला की रस्त्यावरच्या कुर्डूवाडी एसटीतून लोकांनी डोकी बाहेर काढली. शेठ तर आता शहाणे झाले होते. त्यांनी आपला आहेर पाच पोरांच्या नावांनी पाच जागी फोडून आणला आणि पाचही वेळा मोठ्यानं पुकारून घेतला.

तेवढ्यात ईटहून बैलगाडी आली. गाडीतून एक म्हातारी उतरली, हातात हिरवं लुगडं, चोळीचा खण, बांगड्यांचा जोड. तिच्या नातवाला गुरुजींनी शिकवलं होतं. ती सरळ मांडवात आली आणि इकडं तिकडं बघून म्हणाली, "नवरी कुठाय?"

सगळीकडं खसखस पिकली. अण्णांनी समजूत घातली, "मावशे, आज नवरा एकलाच हाय."

"आता गं बाई! मांडव घातलाय, आहेर पुकारता, आन् नवरी न्हाय?" म्हातारीनं हातातलं लुगडं झटकलं. मग म्हणाली, "न्हाय तर न्हाय. पर आहेर माघारी न्हेत न्हाईत." आणि ते लुगडं तिनं गुरुजींच्या अंगावर शालीसारखं पांघरलं. गुरुजी हसले. आजारपणानंतर पहिल्यांदाच हसले, अर्ध्याच तोंडानं, पण हसले. मला हसू आणि रडू एकदमच आलं.

ऊन उतरलं, माणसं पांगायला लागली. आमचे यजमान कागद आवरत होते. तेव्हा गुरुजींनी डाव्या हातानं अण्णांचं धोतर ओढलं आणि म्हणाले, "तुझा?"

अण्णा जरा गडबडले. कमरेची पानसुपारीची चंची सोडून त्यांनी काहीतरी काढलं, पंच्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं. गुरुजींच्या मांडीवर ठेवलं, वाकले आणि पुकारले. मी दोन हातांच्या अंतरावर बसले होते. मला काही ऐकू आलं नाही. यजमानांनी लेखणी धरून विचारलं, "अण्णा, काय लिहू?"

"आयकू आलं न्हाय तर ऱ्हाऊ द्या."

गुरुजी मान हलवत 'नको, नको' करत होते. त्यांच्या डोळ्यांतून धार लागली होती. अण्णा म्हणाले, "म्हातारी काय म्हनली? माघारी न्हेत न्हाईत."

ते हिरवं लुगडं अंगावर घेऊन गुरुजी मुंबईला गेले. परत आले तेव्हा हात बराचसा सुधारला होता. पुढं कितीतरी वर्षं त्यांनी पहिलीला शिकवलं, सावकाश बोलत. त्यांच्या वर्गातली पोरंही सावकाश बोलायची. अण्णा मात्र त्यांच्या आधी गेले, चार दिवसांच्या तापानं. आता लग्नपत्रिकेवर छापून येतं, 'कृपया आहेर आणू नये'. ते वाचलं की मला मामाचा सव्वा रुपया आठवतो. त्याला आता तोंड कोण देणार?

अण्णांच्या तेराव्यानंतर गुरुजी आमच्याकडं आले, तेव्हा मी विचारलंच. "गुरुजी, त्या दिवशी अण्णांनी काय आहेर केला होता हो?"

गुरुजींनी खुंटीवरच्या पाटीकडं बघितलं. मग एकेक शब्द जोडत म्हणाले, "पोरी... फार... हळू बोलला गं तो."