ज्याचा त्याचा देव आणि शांताचा चहा

श्रीखंडाचे रिकामे डबे घरात जसे साठतात ना, तसे किस्से साठतात. दर दिवाळीला ठरवायचं, आता फेकू या. मग एकेक हातात घ्यायचा आणि म्हणायचं, "अगं, हा राहू दे!"

माझे हे डबे नाशिकच्या टेलिफोन चौकशी विभागातले. मोबाइल यायच्या आधीची गोष्ट. कानाला हेडफोन लावून आम्ही दिवसभर शहराला नंबर सांगायचो आणि दुपारी एका टेबलावर जेवायचो. कुळकर्णीबाई आमच्या सुपरवायझर, कडक सोवळ्याच्या. मंगलताई सटाण्याच्या, महानुभाव पंथाच्या. शांता गायकवाड शरणपूरची, तीन पिढ्यांची ख्रिश्चन. आणि मी विद्या, वडील कट्टर नास्तिक, त्यामुळे सगळ्यांच्या देवांची टिंगल करायचा वारसाहक्क मला मिळाला आहे असं समजणारी!

त्या टेबलाचे माझ्यावर उपकार आहेत. कसे, ते तुम्हीच ठरवा.

*

महानुभाव मंडळी एकमेकांना "दंडवत" म्हणतात. मंगलताईंच्या तोंडात तो शब्द इतका बसलेला की एकदा हेडफोनवरही निघून गेला.

"दंडवत, चौकशी विभाग."

पलीकडचा माणूस गडबडला. मग घाबऱ्या आवाजात म्हणाला, "अहो ताई, उठा, उठा! मला फक्त द्वारका सर्कलच्या गॅरेजचा नंबर पाहिजे!"

*

मंगलताई दुसऱ्या देवाचा प्रसाद घेत नाहीत. नवरात्रात मी आईने दिलेला सप्तशृंगीचा प्रसाद आणला, त्यांनी हात जोडून नको म्हटलं. झालं, मला विषयच मिळाला. "काय हो, पेढ्याला काय माहीत तो कुणाचा?" "देवी काय तुमच्या देवाची सवत आहे का?" मी आपली सुटलेली.

मंगलताईंनी शांतपणे माझ्या डब्यातली वांग्याची भाजी वाढून घेतली.

"तुझ्या देवीचा पेढा मी खात नाय, बरोबर. पण तुझ्या हातची भाजी रोज खाते. यापेक्षा मोठी श्रद्धा कुठं असते का?"

*

शांताचे मिस्टर, शमुवेलभाऊजी, सिन्नरच्या कारखान्यात. कंपनीने त्यांना ट्रेनिंगला हैदराबादला पाठवलं. माणूस परत आला तो नवीन पंथ घेऊन!

शांता डबा न उघडताच रडायला लागली. "हे मॉर्मन झालेत हो!"

कुळकर्णीबाईंचा एक कान हेडफोनने अधू झालेला. त्या म्हणाल्या, "नॉर्मल झालेत? मग रडतेस कशाला? पेढे वाट!"

*

हसून झालं, पण मामला गंभीर होता. मॉर्मन म्हणजे ख्रिश्चनांतलाच एक अमेरिकी पंथ, आणि त्यात चहा चालत नाही. दारू नाही, सिगारेट नाही, इथपर्यंत शांता खूश होती. पण चहा नाही? आणि भाऊजींचं म्हणणं, आपण पीत नाही तर घरात तरी कशाला? त्यांनी चहाचं पातेलं माळ्यावर टाकलं.

शांताने चहापत्तीचा डबा उचलला आणि सरळ माहेर गाठलं! माहेर रिक्षाने दहा मिनिटांवर, पण रुसवा लांबचा होता. "लग्नाला चौदा वर्षं झाली," ती म्हणायची, "आणि आता हा माणूस मला माझ्या स्वयंपाकघरात परवानगी विचारायला लावतो. मी नाही जायची परत."

रोज दुपारी ती नवऱ्याचा उद्धार करायची. "अक्कल गहाण ठेवली." "पुन्हा बाप्तिस्मा घेतला म्हणे, पहिल्यातलं पाणी काय वाळलं होतं?"

मग मीही माझा हातभार लावला. त्यांचा ग्रंथ सोन्याच्या पाट्यांवर लिहिलेला सापडला असं ते मानतात, हे तिनेच सांगितलेलं. मी म्हटलं, "पाट्या किती कॅरेटच्या होत्या गं? सराफ बाजारात दाखवून घ्यायच्या!"

कुणी हसलं नाही. शांताने डब्याचं झाकण लावलं.

"माझ्या नवऱ्याला वेडा मी म्हणेन. तू नाही म्हणायचं."

मंगलताई मला हळूच म्हणाल्या, "पाट्या सोन्याच्या असू देत नाहीतर पत्र्याच्या. त्यांनी पातेलं माळ्यावर टाकलं ना, त्याच्यावर बोल."

*

पण सवय जाते का? पुढच्या आठवड्यात शांता तणतणत आली. भाऊजींनी निरोप पाठवून तिच्या वारलेल्या आजीचं पूर्ण नाव विचारलं होतं. त्यांच्या पंथात म्हणे गेलेल्या माणसांच्या नावानेही बाप्तिस्मा करतात.

मी फिस्सकन हसले. "मेलेल्यांना भिजवून काय मिळतं?"

कुळकर्णीबाईंनी घास खाली ठेवला. "विद्या, उद्यापासून मी रजेवर कुठे चालले आहे?"

"त्र्यंबकेश्वरला."

"कशाला?"

"सासऱ्यांसाठी... नारायण नागबळी करायला."

"सासरे हयात आहेत का गं?"

मी भात कालवायला घेतला.

*

शेवटी टेबलाने ठरवलं, भाऊजींशी कुणीतरी समोरासमोर बोलायला हवं. पाठीमागे बोलून शांता घरी जाणार नव्हती. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू तर देवालाही सोडत नाहीस. जा!"

गेले. घर एकदम चकचकीत आणि एकदम शांत. टेबलावर एकच ताट. भाषण मी रस्त्याने पाठ करून गेले होते: माणसाने आपली श्रद्धा दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात आणू नये, वगैरे.

भाऊजी म्हणाले, "चहा नाही देऊ शकत. लिंबू सरबत करतो."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नको, आज शुक्रवार आहे. मी आंबट खात नाही."

आईच्या शुक्रवारच्या व्रताने लावलेली सवय हो! नास्तिकाच्या घरातही स्वयंपाकघर आईचंच असतं. शुक्रवारी जीभच पुढे होत नाही. जमिनीने मला पोटात घ्यावं असं झालं.

भाऊजी हसले नाहीत. "का?" असंसुद्धा विचारलं नाही. कापायला घेतलेलं लिंबू परत टोपलीत ठेवलं, सुरी धुतली आणि माझ्यासाठी नुसतं साखरपाणी करून आणलं.

मी ते संपवलं. पाठ केलेलं भाषण कुठल्या कुठे गेलं. उठताना एवढंच म्हणाले, "भाऊजी, मी आंबट खात नाही म्हटल्यावर तुम्ही लिंबं माळ्यावर नाही टाकलीत."

त्यांनी टोपलीकडे बघितलं. म्हणाले, "नाही टाकली."

*

त्यानंतर एका दुपारी आम्ही जेवून उठणार, तेवढ्यात गेटवरून वॉचमनचा फोन. "गायकवाडबाईंचे मिस्टर आलेत. थर्मास घेऊन!"

भाऊजी आत आले. कारखान्याचाच युनिफॉर्म, अर्धी सुट्टी टाकून आलेले. त्यांनी थर्मासच्या झाकणात चहा ओतला आणि शांतापुढे ठेवला. घरून, स्वतःच्या हाताने केलेला.

 मंगलताईंनी माझा हात धरून ठेवला होता, बहुतेक मी काही बोलू नये म्हणून.

शांताने ते झाकण जवळ ओढलं. मग एक घोट घेतला आणि तिचं तोंड कसंनुसं झालं.

"अहो, किती ही साखर! चाखून तरी बघायचं!"

"चाखणार कसा?" भाऊजी म्हणाले. "मला चालत नाही."

कुळकर्णीबाईंनी चष्मा काढून पदराने पुसायला घेतला. "शांता," त्या म्हणाल्या, "नैवेद्य कुणी चाखून करतं का गं?"

शांताने झाकण पुन्हा उचललं. शेवटच्या थेंबापर्यंत प्याली. मग थर्मास घट्ट बंद करून नवऱ्याच्या हातात दिला.

"उद्या आलं घाला."